मदत हवी आहे: पावसाळ्यात थायरॉइडची अर्धी गोळी कशी टिकवायची?

दापोली-गुहागर पट्ट्यातल्या पालकांना विचारतेय. बाळ तीन आठवड्यांचं, वजन ३.५ किलो, जन्मजात थायरॉइड कमी. डॉक्टरांनी लेव्होथायरॉक्सिन ३७.५ मायक्रोग्रॅम दिलंय (किलोमागे १० ते १५ चा हिशोब), म्हणजे २५ च्या दीड गोळ्या. अडचण उरलेल्या अर्ध्या गोळीची. या दमट हवेत ती मऊ पडते, कडेने झडते, आणि दुसऱ्या दिवशीचा डोस कमी जातो. फ्रीजचा सल्ला नको. बाहेर काढली की बाटलीला आतूनही घाम येतो.

देण्याची पद्धत ठीक आहे: चमच्यात थोड्या आईच्या दुधात चुरून लगेच. दुधाच्या बाटलीत नाहीच, बाळाने दूध अर्धवट टाकलं की औषधही गेलं. पुढे लोह-कॅल्शियमचे थेंब सुरू झाले तर चार तासांचं अंतर ठेवणार.

१२.५ ची गोळी चिपळूण-खेडकडे मिळते का? बाटलीऐवजी फॉइलच्या पाकिटातली असेल तर उत्तमच. आणि टीएसएच, फ्री टी४ या थायरॉइडच्या तपासण्यांसाठी रक्त त्या दिवशीच्या गोळीआधी द्यायचंय. एवढ्या लहान बाळाचं रक्त सकाळी लवकर नीट काढणारी लॅब कुठली?