आयबी डिप्लोमा करायचाय, तर नववी-दहावीत कोणते विषय धरू?

निळी_शाई
नमस्कार. माझी आठवी संपत आलीये. अकरावीपासून आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमा, म्हणजे अकरावी-बारावीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम, करायचा हे घरात ठरलंय, पण नववी-दहावीचे विषय आत्ताच भरून द्यायचेत आणि तिथेच अडलंय. पहिली भाषा, गणित, विज्ञान सक्तीचं. त्यानंतर दोन रकाने मोकळे. विज्ञान एकत्रित न घेता फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी वेगवेगळे घेतले, तर त्यातला एक रकाना जातो. पर्याय: फ्रेंच (दोन वर्षं झालीत, येतं बरं, पण कंटाळा आलाय), अर्थशास्त्र, इतिहास, चित्रकला, जादा गणित. पुढे इंजिनिअरिंग किंवा आर्किटेक्चर, असं काहीतरी डोक्यात आहे. बाबा म्हणतात अर्थशास्त्र घे, पाया पक्का होईल. मला फ्रेंच सोडायचंय आणि अकरावीत स्पॅनिश पहिल्यापासून शिकायचंय. चालेल का?

उंटावरची_शहाणी
आवडेल ते घे गं! अकरावीत सगळे पुन्हा शून्यापासूनच सुरू करतात.

फळा_खडू
सगळे नाही हो. काही विषय शून्यापासून सुरू होतात, काही अजिबात होत नाहीत. निवड करायची ती नेमकी याच फरकावर. (मी डिप्लोमाला गणित शिकवतो, त्यामुळे थोडा पक्षपात गृहीत धरा.)

आधी बाबांचा मुद्दा. डिप्लोमाचं अर्थशास्त्र एचएलला, म्हणजे हायर लेव्हल या वरच्या पातळीलासुद्धा, मागणी-पुरवठ्याच्या पहिल्या आकृतीपासून शिकवतात. मानसशास्त्र, बिझनेस मॅनेजमेंट, ग्लोबल पॉलिटिक्स, सगळ्यांचं तेच. आधी केलेलं असलं की सुरुवात सोपी जाते, इतकंच. त्यासाठी रकाना खर्च करू नये.

गणिताचं तसं नाही. डिप्लोमात गणितं दोन आहेत, एए (ॲनॅलिसिस अँड ॲप्रोचेस) आणि एआय (ॲप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन), आणि दोन्ही एसएल (स्टँडर्ड लेव्हल) व एचएल अशा दोन पातळ्यांवर. एआयच्या सगळ्या पेपरांना कॅल्क्युलेटर चालतो, एएचा पहिला पेपर त्याच्याशिवाय सोडवायचा. एचएलला वर तिसरा पेपर. एसएलला शिकवण्याचे १५० तास आणि एचएलला २४०. ऐकायला भरपूर वाटतात, पण त्यात कॉम्प्लेक्स नंबर्स, व्हेक्टर्स, इंडक्शनने सिद्धता आणि ढीगभर कॅल्क्युलस बसवायचं असतं. घातांक आणि अवयव पाडणं पुन्हा शिकवायला कुणाला वेळ नसतो. मुलं कॅल्क्युलसला घाबरतात, पण मी पेपर तपासतो तेव्हा डेरिव्हेटिव्ह बरोबर असतं आणि पुढच्या ओळीत अपूर्णांक सोडवताना सगळं कोसळलेलं असतं. इंजिनिअरिंगला बरीच विद्यापीठं एए एचएल मागतात. जादा गणित घे.

भाषेबद्दल: तुझा बेत नियमात बसतो. ज्यांना ती भाषा येतच नाही किंवा नावालाच येते, त्यांच्यासाठी ॲब इनिशिओ, म्हणजे पहिल्यापासून शिकवणारा अभ्यासक्रम आहे, आणि ते फक्त एसएललाच मिळतं. पण तुझ्या शाळेत ॲब इनिशिओ स्पॅनिश आहे का, हे आधी बघ. नसेल आणि तू आत्ता फ्रेंच सोडलंस, तर पंचाईत होईल. फ्रेंच ॲब इनिशिओसाठी तुझं फ्रेंच जास्त ठरू शकतं आणि दोन वर्षांच्या खंडानंतर फ्रेंच बीसाठी (भाषा आधी शिकलेल्यांचा अभ्यासक्रम) कमी. चालू ठेवलंस तर चार वर्षांच्या शिदोरीवर फ्रेंच बी एसएल हा तुझ्या सहा विषयांतला सर्वांत निवांत विषय होईल. कंटाळ्याचं म्हणशील, तर तो स्पॅनिशचाही येतोच, जरा उशिरा.

दोन_मुलांची_आई
सरांचं पटतंय, पण लिखाणाकडे कुणी बघतच नाही. एक्स्टेंडेड एसे (स्वतः संशोधन करून लिहायचा मोठा निबंध) ४,००० शब्दांपर्यंतचा, टीओकेचा (थिअरी ऑफ नॉलेज, सगळ्यांना सक्तीचा) निबंध १,६०० शब्दांपर्यंतचा, शिवाय जवळपास प्रत्येक विषयाचं स्वतः करून द्यायचं काम वेगळं. माझ्या थोरल्याला गणित कधी जड गेलं नाही. संदर्भ देऊन चार पानं सलग लिहायची म्हटली की मात्र दिवसभर तोंड पाडून बसायचा. धाकटीने इतिहास घेतला होता, तिला हे हसतखेळत जमलं. त्यामुळे इतिहासाला असं सहज बाजूला सारू नका. ४५ पैकी टीओके आणि एसेचे मिळून ३ गुण असतात हे खरं, पण त्यांतल्या एकात जरी ई ही सर्वांत खालची श्रेणी पडली तरी डिप्लोमाच हातचा जातो.

फळा_खडू
ताई, मान्य. इतिहासाने हात लिहिता होतो. पण हिला रकाने दोनच आहेत. लिहायची सवय पहिल्या भाषेच्या तासालाही लावता येते, शिक्षक तसे हवेत मात्र.

निळी_शाई
मग जादा गणित आणि फ्रेंच? म्हणजे विज्ञान एकत्रितच घ्यावं लागेल. फिजिक्स एचएलला ते पुरेल का? आणि चित्रकला गेलीच.

फळा_खडू
एकत्रित विज्ञान करून आलेली मुलं फिजिक्स एचएल नीट करताना मी बघितली आहेत. ती अडतात ती बहुतेक व्हेक्टर्स आणि त्रिकोणमितीत, आणि ते तुला जादा गणितात मिळेल. केमिस्ट्री एचएल मनात असेल तर मोल संकल्पना मात्र सुट्टीत पक्की करून ठेव. काही शाळा विज्ञानाच्या एचएलला वेगवेगळे विषय केलेले असण्याची अट घालतात. ही अट आयबीची नसते, शाळेची असते. म्हणून विषय भरण्याआधी डिप्लोमा कोऑर्डिनेटरना ईमेल कर आणि लेखी उत्तर घे. स्पॅनिशचंही त्यातच विचार.

चित्रकला वर्गाबाहेर चालू ठेव. आर्किटेक्चरला पुष्कळ ठिकाणी पोर्टफोलिओ मागतात, आणि त्यातली चित्रं कुठल्या तासाला काढली हे कुणी विचारत नाही. डिप्लोमात व्हिज्युअल आर्ट्स घ्यायचं झालं तर त्यासाठी नववी-दहावीत चित्रकला असायलाच हवी, असंही नाही.

निळी_शाई
ईमेल आजच करते. बाबांना अर्थशास्त्राचं कसं सांगू?

दोन_मुलांची_आई
सांग, अकरावीत घेते. खरंच घेता येईल, सहा विषयांत एक सामाजिक शास्त्र लागतंच.