क्लब हाऊसमधले कप आणि साखर तपासायचं पेन

ए-१०३ काकू: सचिवसाहेब, आपल्या सोसायटीत एकांना हिपॅटायटिस बी निघालाय म्हणे. नाव लिहीत नाही. पण क्लब हाऊसमधले कप, पूल, या सगळ्याचं काय करायचं? मुलं जातात तिथे.

सी-२०४: मीही ऐकलं. निदान कप तरी वेगळे ठेवा.

सचिव: रविवारच्या मीटिंगमध्ये विषय घेतो.

बी-३०४ सिस्टर: घेऊ नका. कोणाला काय आजार आहे हा मीटिंगचा विषय नाही आणि या ग्रुपचाही नाही. कपांचं म्हणाल तर हिपॅटायटिस बी, म्हणजे यकृताला सूज आणणारा विषाणू, उष्ट्या भांड्याने, एकत्र जेवल्याने, खोकल्या-शिंकेने किंवा मिठी मारल्याने पसरत नाही. पूलमध्ये सोबत पोहल्यानेही नाही. तो जातो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला.

सी-२०४: पण सिस्टर, कावीळ तर पाण्यातूनच होते ना?

बी-३०४ सिस्टर: ती हिपॅटायटिस ए आणि ई. आडनाव एक, घराणी वेगळी. आणि कावीळ हे नुसतं लक्षण. बी असलेल्या कित्येकांचे डोळे कधीच पिवळे होत नाहीत. वर्षानुवर्षं काही जाणवत नाही आणि कळतं तेव्हा सिरोसिस (यकृत कडक होऊन बिघडणं) किंवा यकृताचा कॅन्सर झालेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अंदाजानुसार जगात २५ कोटींहून जास्त लोकांना हा जुनाट संसर्ग आहे. आपल्याला माहीत असलेल्या ‘एकां’ना घाबरायचं तर मग सगळ्यांनाच घाबरावं लागेल.

डी-५०१: डासांमुळे?

बी-३०४ सिस्टर: नाही हो. पण विषय निघालाच आहे तर मला क्लब हाऊसमधल्या कपांपेक्षा तिथल्या कपाटातलं साखर तपासायचं पेन जास्त खटकतंय. ज्येष्ठांच्या गटात सगळे तेच वापरतात ना?

सचिव: हो, पण सुई दर वेळी नवी असते. मी स्वतः बघतो.

बी-३०४ सिस्टर: सुई नवी, पेन तेच! बोट टोचलं की पेनाच्या टोकाला रक्त लागतं. डोळ्याला न दिसण्याइतकंही पुरतं. हा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तात, किमान ७ दिवस तग धरतो. वृद्धाश्रमांमध्ये अशा सामायिक पेनांमुळे हिपॅटायटिस बीच्या साथी झालेल्या आहेत. पेन एका माणसाचं एकच. मशीन सामायिक ठेवायचंच असेल तर दर वेळी जंतुनाशकाने पुसायचं. हाच नियम घरातही: रेझर, नेलकटर, टूथब्रश ज्याचा त्याचा. नवराबायकोतही. टॅटू किंवा कान टोचताना नव्या सुईचं पाकीट समोर फोडायला सांगा.

सचिव: पेन आत्ताच काढतो.

ए-१०३ काकू: आमचे ‘हे’ वर्षभर तेच वापरत होते. आता?

बी-३०४ सिस्टर: काकू, घाबरू नका, एकदा रक्त तपासा. एचबीएसएजी, अँटी-एचबीएस आणि अँटी-एचबीसी, तिन्ही एकदम सांगा. पहिली सांगते आत्ता संसर्ग आहे का, दुसरी संरक्षण आहे का, तिसरी पूर्वी कधी येऊन गेला का. पेन अगदी अलीकडे वापरलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण लागण झाल्यावर रिपोर्टमध्ये दिसायला काही आठवडे लागतात. तिन्ही निगेटिव्ह आल्या तर लस. साधारणपणे ३ डोस: आज, महिन्याने, सहाव्या महिन्यात.

ई-६०२: आमच्या सूनबाईंना आठवा महिना आहे. तिला काही?

बी-३०४ सिस्टर: गरोदरपणात एचबीएसएजी तपासलेलं असतंच बहुधा, फाईल बघा. नसेल तर उद्याच करा. आणि आईचा रिपोर्ट काहीही असो, बाळाला लसीचा पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत. आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाला सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार अँटीबॉडीजचं) इंजेक्शनही देतात. एवढी घाई यासाठी, की जन्मताना लागण झालेल्या दहांपैकी नऊ बाळांमध्ये संसर्ग कायमचा राहतो. मोठ्या माणसांत हेच प्रमाण ५ टक्क्यांहून कमी. दूध पाजायला हरकत नाही, लोक उगाच थांबवतात.

एफ-१०१: माझ्या मेहुण्यांचा एचबीएसएजी पॉझिटिव्ह आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्याच नाहीत, नुसतं ‘सहा महिन्यांनी या’ म्हणाले. दुसरा डॉक्टर बघू का?

बी-३०४ सिस्टर: प्रत्येकाला गोळी लागत नाही. रक्तात विषाणू किती, यकृताला सूज किती, ते कडक व्हायला लागलंय का, यावर ठरतं. पण ‘सहा महिन्यांनी’ म्हणजे सहा महिन्यांनीच, बरं वाटतंय म्हणून टाळायचं नाही. पुढे विषाणू दाबणारी गोळी, टेनोफोविर किंवा एन्टेकाविर, सुरू झाली तर मनाने बंद करायची नाही, विषाणू उसळी मारतो. दारू बंद. झाडपाल्याची औषधंही बंद, त्यातली काही यकृतालाच बाधतात. आणि बायकोने तपासून लस घेतलीय का ते विचारा, तोपर्यंत कंडोम.

डी-५०१: 📎 रिपोर्ट.पीडीएफ
सिस्टर, माझा मागच्या महिन्यातला. जरा बघता?

बी-३०४ सिस्टर: अहो, आधी काढा तो ग्रुपवरून!

डी-५०१: काढला. अँटी-एचबीएस ६ आलंय, १० च्या वर हवं असं लिहिलंय. लस लहानपणीच घेतली होती, तिन्ही डोस. बाकी निगेटिव्ह.

बी-३०४ सिस्टर: मग काळजी नको. वर्षं जातात तसा आकडा उतरतो, पण डोस पूर्ण झालेल्या निरोगी माणसाच्या शरीराला विषाणूची ओळख राहते, सहसा बूस्टर लागत नाही. डायलिसिसवाले किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले यांचं वेगळं. तुम्ही कामावर रक्त हाताळता का?

डी-५०१: नाही, बँकेत असतो.

बी-३०४ सिस्टर: मग झालं.