रोज चालवायची स्पोर्ट्स कार: वापरलेली की कोरी?

कासारवडवलीकर

काल एका गृहस्थांनी या चर्चामंचावर ठामपणे लिहिले की, ५० लाखांहून अधिक रुपये मोजून फोक्सवॅगनची नवी गोल्फ जीटीआय किंवा स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस घेणारा माणूस हिशेबात कच्चा असतो. त्याहून कमी पैशांत सात-आठ वर्षांची फोर्ड मस्टँग पदरात पडते आणि ‘रोज ऑफिसला राजासारखे जाता येते’. बाकी सगळे मी सोडून दिले असते, पण त्यातल्या ‘रोज’ या शब्दाने मला रात्रभर झोप लागू दिली नाही, म्हणून हे सविस्तर उत्तर.

मी अडीच वर्षे ठाण्यातील कासारवडवली ते नवी मुंबईतील महापे हा प्रवास वापरलेल्या, दोन दारांच्या, परदेशी बनावटीच्या गाडीने केला आहे. गाडी ३८ लाखांना घेतली, तेव्हा ती सात वर्षांची होती आणि दिसायला नवरीसारखी होती. घोडबंदर रस्त्यावर एकीकडे मेट्रो ४चे खांब आणि दुसरीकडे गुजरातहून उरणच्या बंदराकडे निघालेले कंटेनर, यांच्या मधून माजिवड्यापर्यंत पोहोचताना तीनशे घोड्यांच्या त्या इंजिनाला तिसरा गिअर क्वचितच दिसत असे. अशा चालीत रेडिएटरचा पंखा थांबत नाही, क्लच सतत अर्धवट घासत राहतो आणि वर्षानुवर्षे उष्णता सोसलेले प्लॅस्टिकचे जोड एक दिवस तडकतात. माझ्या गाडीचा पाण्याच्या पंपाजवळचा जोड मानपाड्याच्या उड्डाणपुलावर तडकला, तेव्हा सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे झाली होती आणि मागच्या बसमधील प्रवासी माझा उद्धार करीत होते. तो जोड परदेशातून यायला पाच आठवडे लागले. मी तारखा लिहून ठेवणारा माणूस आहे: अडीच वर्षांत गाडी ७४ दिवस वर्कशॉपमध्ये होती आणि ते सर्व दिवस मी रिक्षा व टॅक्सीने काढले.

वापरलेली गाडी तुम्ही आजच्या बाजारभावाने घेता, परंतु तिचे सुटे भाग ती कोरी असतानाच्या इतमामाने येतात. एक कोटीची गाडी ३८ लाखांना मिळाली म्हणून तिची ब्रेक डिस्क ३८ लाखांच्या गाडीच्या भावाने कोणी देत नाही. त्यात पाच वर्षे उलटल्यावर बहुतेक विमा कंपन्या ‘झीरो डेप’ (घसारा न कापता मिळणारी भरपाई) द्यायला का-कू करतात, म्हणजे फुटलेल्या बंपरच्या किमतीतला मोठा वाटा आपल्याच खिशातून जातो. रविवारी येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी जाऊन फोटो काढण्यासाठी वापरलेली गाडी अवश्य घ्यावी. रोज सकाळी हजेरी लावण्यासाठी घेऊ नये.

सीवूड्सचा सारथी

आपल्या ७४ दिवसांबद्दल सहानुभूती आहे, परंतु एका वाईट खरेदीवरून सगळ्या वापरलेल्या गाड्यांना दोषी ठरवणे हा न्याय नव्हे.

माझ्याकडे २०२०ची ऑक्टाव्हिया आरएस २४५ आहे, ती दोन वर्षांची असताना मी घेतली. तेव्हापासून ४१ हजार किलोमीटर झाले आणि टायर, बॅटरी, ब्रेक पॅड व गिअरबॉक्सचे ऑइल यांपलीकडे तिने माझ्याकडे काही मागितले नाही. कारण साधे आहे. मी घेण्यापूर्वी तीन शनिवार घालवले. सर्व्हिसच्या नोंदी किलोमीटरशी ताडून पाहिल्या. टायरवरचे चार अंक वाचले. त्यात पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, त्यामुळे ‘टायर नवेच आहेत’ हा दावा क्षणात पडतो. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या शेवटच्या टोकाला चिखलाचा डाग आहे का ते पाहिले, कारण पुरात बुडालेली गाडी बाहेरून धुता येते, पण ते टोक धुवायचे कोणाला सुचत नाही. कर्ज फिटल्याचा दाखला आणि आरसीवरून बँकेचे नाव उतरल्याची खात्री केली. आपण यांपैकी काय केले होते, हे आपल्या लांबलचक पत्रात कोठेही आढळले नाही.

आता पैशांचे बोलू. विम्याच्या कोष्टकात गाडीची किंमत सहा महिन्यांतच पाच टक्क्यांनी, वर्षभरात १५, दोन वर्षांना २०, तीन वर्षांना ३०, चार वर्षांना ४० आणि पाच वर्षांना ५० टक्क्यांनी उतरते. गोल्फ जीटीआय मे २०२५मध्ये आली तेव्हा शोरूमची किंमतच सुमारे ५३ लाख होती, आणि परदेशातून पूर्ण तयार होऊन येणाऱ्या गाडीवर महाराष्ट्रात २० टक्के वाहन कर लागतो, म्हणजे दहा लाखांहून अधिक रक्कम नंबर प्लेट लागण्यापूर्वीच आरटीओत जमा होते. एमएच ०४ची (ठाण्याची) गाडी एमएच ४३च्या (नवी मुंबईच्या) हद्दीतल्या माणसाने घेतली, तर तो कर पुन्हा भरावा लागत नाही. पहिल्या मालकाने माझ्यासाठी केलेला हा त्याग मी नाकारावा, असे आपले म्हणणे आहे काय?

आणि आपला खरा शत्रू घोडबंदर रस्ता आहे, गाडी नव्हे. आमच्या पाम बीच रस्त्यावर या, मग बोलू.

कासारवडवलीकर

नवी मुंबईकरांशी कोणत्याही विषयावर बोला, तिसऱ्या परिच्छेदात पाम बीच येतोच.

आपल्या युक्तिवादात एक मौज आहे. आरएस २४५ भारतात केवळ २०० आली आणि तिची किंमत ३६ लाखांच्या आसपास होती. आपण ती कितीला घेतलीत, हे आपण मोठ्या शिताफीने गाळले आहे. दोनशेच गाड्या असल्या की विम्याचे कोष्टक कपाटात राहते आणि भाव विकणारा सांगेल तो. शिवाय दोन वर्षांची, एकाच मालकाची, नोंदी पूर्ण असलेली गाडी ही ‘वापरलेली’ या शब्दाची सर्वांत सोपी परीक्षा आहे. मूळ लेखकाने सात-आठ वर्षांच्या मस्टँगचा सल्ला दिला होता. त्याच्या बचावाला आपण आपली आरएस पुढे करीत आहात.

सीवूड्सचा सारथी

साडेएकतीस लाखांना घेतली. लपवण्यासारखे काही नाही. कोष्टकापेक्षा महाग पडली, हे मान्य आहे. समाधान झाले असेल तर पुढे जाऊ.

पेट्रोलपंपावर उभा

दोघेही विद्वान आहात, परंतु टाकीत काय जाते याचा उल्लेख कोणीच केलेला नाही. आता पंपावर साधे पेट्रोल २० टक्के इथेनॉल मिसळलेलेच मिळते. एप्रिल २०२३नंतरच्या गाड्यांचे रबर आणि नळ्या त्या मिश्रणासाठी तयार केलेल्या असतात; २०१७-१८च्या टर्बो गाडीच्या पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणाजवळ मात्र बहुधा ‘ई१०’, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल, असे लिहिलेले असते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी, त्यामुळे ॲव्हरेजही खाली येते. इथेनॉल टाळण्यासाठी शंभर ऑक्टेनच्या पेट्रोलचा सल्ला देणाऱ्यांनी लिटरमागचा दीडशे रुपयांपुढचा भाव आधी बघावा आणि तो भरून रोज महाप्याला जावे. या प्रश्नावर गेले वर्षभर मी प्रत्येक ठिकाणी लिहीत आहे आणि कोणीही दखल घेत नाही.

निवृत्त स्थापत्य अभियंता

इंधन, विमा, वाहन कर हे सगळे ठीक आहे, परंतु ठाण्यात कमी उंचीची गाडी रोज चालवणे ज्या एका गोष्टीमुळे अशक्य झाले आहे, तिचे नाव कोणीच घेत नाही, ती म्हणजे गृहसंकुलांतील गतिरोधक.

रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या संकेतानुसार, ताशी २५ किलोमीटर वेगासाठी गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच असावा. त्याच्या वर्तुळाकार माथ्याची त्रिज्या १७ मीटर येते. हे आकडे लहरीने ठरलेले नाहीत. चाकांमधील अंतर सुमारे २.६ मीटर असलेली गाडी त्या उंचवट्याच्या मध्यावर आली की तिची चारही चाके उंचवट्यावरच असतात, त्यामुळे गाडीच्या पोटाकडे माथा केवळ पाच सेंटिमीटर सरकतो. जिचे पोट जमिनीपासून १३ सेंटिमीटर उंच आहे अशी गाडीही त्यावरून आठ सेंटिमीटर राखून आरामात जाते. आपल्या संकुलांत मात्र सिमेंटचा वरवंट्यासारखा वरंबा घालतात. तो १२ सेंटिमीटर उंच आणि हातभर रुंद असला की पुढची चाके उतरून मागची चढण्याआधी गाडीचे पोट त्याच्यावर टेकायला केवळ एक सेंटिमीटर उरतो, आणि गाडीत दोन माणसे व त्यांच्या पिशव्या असल्या की तोही उरत नाही.

मी पस्तीस वर्षे रस्त्यांचे काम केले. आमच्या संकुलात ठेकेदाराला मी हे कागदावर काढून दिले होते. त्याने तो कागद चहाच्या कपाखाली ठेवला.

दोन मुलांची आई

ही चर्चा मी गाडीसाठी वाचत होते, कारण माझ्या दिरांना अशीच गाडी घ्यायची आहे. परंतु गतिरोधकांविरुद्धची ही भाषा वाचून राहवले नाही. आमच्या संकुलात तो ‘वरंबा’ आम्ही मातांनी मागणी करून घालून घेतला आहे. त्याच्या आधीच्या वर्षी पार्किंगच्या वळणावर एका कर्कश आवाजाच्या गाडीने माझ्या मुलाची सायकल उडवली. मुलगा गवतावर पडला म्हणून वाचला. कोणाच्या गाडीच्या पोटाला किती सेंटिमीटर उरतात, याची मला तसूभर फिकीर नाही. ज्यांना फिकीर आहे त्यांनी उंच गाडी घ्यावी.

निवृत्त स्थापत्य अभियंता

बाई, आपल्या मुलाचे वाचून मन हलले. परंतु अरुंद आणि उंच वरंब्यावर अनेक चालक आधी ब्रेक दाबतात आणि ओलांडताच जोरात वेग घेतात. रुंद उंचवटा चालकाला अधिक लांबपर्यंत हळू ठेवतो. मी मुलांच्याच बाजूने बोलत आहे.

दोन मुलांची आई

रुंद उंचवट्यावर आमच्याकडची तरुण मंडळी गाडी उडवून दाखवतात. आपण कागदावर काढता, मी खिडकीतून बघते.

सीवूड्सचा सारथी

येथे मूळ प्रश्न गाडीचा होता, याची नम्र आठवण करून देतो. तरी एवढे नमूद करतो की सायलेन्सर बदलून घेतलेल्या गाड्यांचा राग आम्हा सर्वांवर काढू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार गाडीत मनमानी बदल करता येत नाहीत, आणि वापरलेली गाडी घेताना असा बदल आढळला तर ती तेथेच सोडून यावी, हे मी माझ्या तीन शनिवारांत शिकलो.

कासारवडवलीकर

अभियंता साहेबांचे गणित वाचल्यावर मी टेप घेऊन खाली गेलो. आमच्या प्रवेशद्वाराजवळचा गतिरोधक १३ सेंटिमीटर उंच आणि ४५ सेंटिमीटर रुंद निघाला. सुरक्षारक्षकाला वाटले की मी पार्किंगची तक्रार करायला मोजतो आहे. त्याने लगेच सचिवांना फोन लावला.

या मोजमापामुळे मला एक गोष्ट नाइलाजाने मान्य करावी लागते. नवी गाडीही तेवढीच खाली असते आणि तिचेही पोट त्याच वरंब्यावर घासेल. वॉरंटी अशा आघाताचे नुकसान भरून देत नाही. विमा तळाचे भाग देईल, परंतु ऑइलचे भांडे फुटून ऑइल वाहून गेले आणि तरी गाडी चालवत राहिल्याने इंजिन जाम झाले, तर तो परिणामी तोटा म्हणून साध्या पॉलिसीत बसत नाही. त्यामुळे या एका मुद्द्यावर नवी आणि जुनी दोन्ही सारख्याच हतबल आहेत. ४० क्रमांकाच्या, म्हणजे रुंदीच्या ४० टक्के उंच भिंतीच्या, टायरचेही तेच: २२५ मिलिमीटर रुंदीच्या टायरची भिंत ९० मिलिमीटर असते, आणि घोडबंदर रस्त्यावरचा गायमुखचा खड्डा गाडीचे वय विचारीत नाही.

याउपर मी एक इंचही मागे हटत नाही. पाण्याच्या पंपाचा जोड नव्या गाडीत तडकला तर कंपनी बदलून देते. माझ्या गाडीत तडकला तेव्हा मी ६२ हजार रुपये दिले, टोइंगचे वेगळे.

सीवूड्सचा सारथी

आपण टेप घेऊन खाली उतरलात, यातच माझा निम्मा विजय आहे. हीच टेप गाडी घेण्यापूर्वी काढली असती तर बरे झाले असते, असे म्हणण्याचा मोह आवरतो.

माझ्या कार्यालयातील एक सहकारी त्यांची आरएस २४५ विकत आहेत. ते परदेशी जात आहेत, गाडी ३३ हजार किलोमीटर चालली आहे आणि सर्व नोंदी अधिकृत वर्कशॉपच्या आहेत. त्यांचा ५० टक्के ‘नो क्लेम बोनस’ (दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) मात्र आपल्याला मिळणार नाही, तो मालकाबरोबर जातो. आणि नावावर झाल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायला विसरू नये. शनिवारी सकाळी आठ वाजता नेरूळला पाहता येईल. घ्याच असा आग्रह नाही.

कासारवडवलीकर

मी येईन, ते केवळ आपले म्हणणे चुकीचे ठरवण्यासाठी. टॉर्च, टेप आणि गाडीतील बिघाडाचे कोड वाचण्याचे यंत्र घेऊन येतो. स्टेपनीच्या खोबणीत बोट फिरवल्यावर गंज हाताला लागला, तर चहासुद्धा घेणार नाही. गाडी आवडलीच तर ती फक्त रविवारी निघेल. रोज महाप्याला मी माझ्या चार दारांच्या साध्या सेडाननेच जाणार आहे.

पेट्रोलपंपावर उभा

आणि तिच्यात पेट्रोल कोणते भरणार, तेही ठरवून या.

दोन मुलांची आई

दिरांना ही सगळी चर्चा वाचायला दिली आहे. तुम्ही कोणी ती गाडी घेऊन आमच्या संकुलात आलात, तर कृपया ती गेटबाहेर लावून चालत या.