'अवाँ गार्द'ला मराठीत काय म्हणाल?

पणजीहून: एका चित्रप्रदर्शनाच्या पुस्तिकेचं भाषांतर करतेय. मूळ मजकुरात चित्रकाराच्या कामाला 'अवाँ गार्द' म्हटलंय, म्हणजे चाकोरीबाहेरचं, काळाच्या पुढचं. मी ते तसंच ठेवलं. प्रत तपासून आली तर तिथे 'विचित्र', आणि समासात लाल शाईने 'वाचकाला कळलं पाहिजे'. चाकोरी मोडली की सगळं विचित्रच का? शब्द सुचवा, उद्या छपाई आहे.

फोंड्याहून: मूळ हा फ्रेंच फौजेचा शब्द. अवाँ म्हणजे पुढे, गार्द म्हणजे पहारा. सैन्याच्या पुढे चालणारी तुकडी. 1825 साली फ्रेंच विचारवंत साँ-सिमाँच्या गोटातल्या एका निबंधात समाजाची ही तुकडी म्हणून कलावंतांना हाक दिली, तिथून तो कलेत शिरला. आपल्या फौजेत पुढे बिनी, मागे चंदावल. बिनीवाले आडनाव त्यातलंच. घरात शब्द असताना उसना कशाला? 'बिनीची चित्रकला' लिहा.

म्हापशाहून: ताई, बिनीचा गायक म्हटलं की नावाजलेला, पहिल्या रांगेतला माणूस डोळ्यांपुढे येतो. आमच्या साळगावच्या चित्रकार सोझाने 1947 साली मुंबईत चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह गट काढला, पुढे त्याच्या चित्रांवर अश्लीलतेचा ठपका आला. ती कुठली रांग?

फोंड्याहून: तीच खरी बिनी! पहिला मार तिच्यावर. अर्थ बोथट झाला म्हणून शब्द टाकून द्यायचा नाही, वापरून धार लावायची.

म्हापशाहून: पण उद्या पुस्तिका हातात घेणाऱ्याला ती धार कशी कळणार? त्यापेक्षा 'अवाँ गार्द'च ठेवा. टेबल, बटाटाही असेच रुळले.

मडगावहून: माझे आजोबा लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज शाळेत शिकलेले, ते याला पोर्तुगीजमध्ये 'व्हांग्वार्दा' म्हणायचे. नातवंडांतलं जे पुढे पळेल त्याला तीच हाक. मला तर आपला 'गारदी'ही पोर्तुगीज 'ग्वार्दा'वरूनच आला असं वाटतं.

म्हापशाहून: नाही बाब. इब्राहिमखान गारदी फ्रेंच सेनानी ब्युसीच्या हाताखाली तयार झाला. शब्द फ्रेंचांकडूनच आला असणार.

मडगावहून: ब्युसी दख्खनेत उतरायच्या दोनशे वर्षं आधीपासून इथे पोर्तुगीजांचे पहारे होते!

पणजीहून: 'बिनीची चित्रकला' चित्रकाराला फोनवर वाचून दाखवली. त्याला आवडली, पण म्हणाला, "बायको विचारते, क्रिकेटचं काही आहे का?" 'विचित्र' मात्र मी खोडलंय. त्या जागी अजून काहीच लिहिलेलं नाही.

फोंड्याहून: बिनीच लिहा, एका ओळीची तळटीप द्या. आणि मडगावचे बाब, 'शत्रूला गारद केलं' यातला गारद कुठला? तो पहाऱ्याचा नक्कीच नाही.

मडगावहून: तो फारसीकडचा वाटतो. थांबा, घरचा जुना कोश काढतो.