डोंगराच्या पोटातला धबधबा लिफ्टने जाऊन बघणं तुम्हाला पटतं का?

कातळवेडी

गेल्या जूनमध्ये आईला घेऊन स्वित्झर्लंडला गेले होते. लाउटरब्रुनेनच्या खोऱ्यात ट्र्युमेलबाख नावाचा धबधबा आहे. तो बघितल्यापासून एका जुन्या मतावरून मी पार हलले आहे, म्हणून हा धागा.

हा धबधबा रस्त्यावरून दिसत नाही. दिसतो तो उभा कडा, आणि त्याच्या पायथ्यातून बाहेर पडणारा राखाडी ओढा. एकाखाली एक असे दहा प्रपात आहेत ते डोंगराच्या आत, अरुंद घळीत. आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊ या तीन शिखरांच्या हिमनद्यांचं पाणी हा एकटा ओढा खाली आणतो. बर्फ वितळण्याच्या भरात सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत. १९१३ साली कातळात बोगदा खणून तिथे तिरकी लिफ्ट बसवली. ती निम्म्या वाटेपर्यंत नेते, पुढे वरखाली जिने आणि बोगदे आहेत, आत दिवे लावलेले आहेत.

डोंगरात असल्या सोयी करायला माझा कायम विरोध होता. ज्याचे पाय नेतील त्याने जावं, असं मी याच मंडळींसमोर कितीदा तरी म्हटलंय. पण आईचे दोन्ही गुडघे गेलेत. लिफ्टमधून उतरल्यावर ती दहा-बारा पायऱ्या चढली, कठड्यावर हात ठेवला आणि थांबली. मला वाटलं दमली. ती माझ्या कानाशी तोंड आणून ओरडली, "अगं, हे थरथरतंय!" मी हात ठेवून बघितला. खरंच, लोखंडातून बारीक कंप येत होता. समोर पाणी कातळाच्या वळणावरून स्क्रूसारखं पिळवटून खाली जात होतं.

ही लिफ्ट नसती तर तिला हे कधीच मिळालं नसतं. आता सांगा, विरोध कशाला करायचा?

उनाडपाऊल

ताई, आईंना बघता आलं याचा आनंद आहेच. तरीही मला पटत नाही.

घळीत शिरताना माणूस हळूहळू लहान होत जातो. आधी आवाज येतो, मग गारवा, मग आभाळाची पट्टी अरुंद होत जाते, आणि मग ते पाणी. हा क्रम म्हणजेच ती जागा. लिफ्टने गेलं की शेवटचं पान आधी वाचल्यासारखं होतं. शिवाय वाट करायला कातळ फोडावा लागतो, आणि फोडलेला कातळ परत जुळत नाही.

त्याच खोऱ्यात श्टाउबबाख धबधबा आहे. २९७ मीटर उंचीवरून सरळ खाली येतो, गावातल्या रस्त्यावर उभं राहून मनसोक्त बघता येतो. ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी निसर्गाने तिथे काही कमी ठेवलेलं नाही. प्रत्येक जागा प्रत्येकाच्या आवाक्यात आलीच पाहिजे, हा हट्ट मला घातक वाटतो. एकीकडे लिफ्ट झाली की दुसऱ्या घळीत मागणी होते.

दगडोबा

श्टाउबबाख आणि ट्र्युमेलबाख यांना एका पारड्यात घालू नका. गोष्टच वेगळी आहे.

हिमयुगात मुख्य हिमनदीने लाउटरब्रुनेनचं खोरं खोल खरवडलं. बाजूच्या छोट्या हिमनद्यांना तेवढं खोल जाता आलं नाही, त्यामुळे त्यांची खोरी वर टांगलेली राहिली. बर्फ गेल्यावर तिथले ओढे कड्यावरून कोसळायला लागले. श्टाउबबाख त्यातला. ट्र्युमेलबाखने मात्र कड्यावरून उडी न मारता कडाच चिरला. इतकं पाणी आणि त्याबरोबर येणारा दगडगोटा, वर्षाला २०,००० टनांच्या घरात! भोवऱ्यात सापडलेले गोटे गरागरा फिरत कातळ घासतात आणि रांजणखळगे पडतात. एक रांजण फुटून खालच्याला मिळतो, तो पुढच्याला. त्या घळीच्या भिंती नीट बघितल्यात तर अर्धे कापलेले रांजण एकावर एक रचल्यासारखे दिसतात. पाणी राखाडी का? हिमनदीने दळलेलं खडकाचं पीठ आहे ते.

हे काम चालू असताना, आतून बघायला मिळणं फार दुर्मीळ आहे. एरवी आम्हाला हजारो वर्षांपूर्वी वाळलेल्या खळग्यांवरून अंदाज बांधावे लागतात. त्यासाठी एक बोगदा खणला गेला असेल तर मला तो सौदा मान्य आहे.

सांजवारा

सौंदर्याचा वाद तुम्ही घाला. मला सुरक्षेबद्दल बोलायचंय.

२७ जुलै १९९९. ट्र्युमेलबाखपासून फार लांब नाही, इंटरलाकेनजवळच्या साक्सेटेनबाखच्या घळीत कॅनियनिंगला (ओढ्याच्या पाण्यातून घळ उतरत जाण्याचा खेळ) गेलेले २१ जण मृत्युमुखी पडले. वरच्या बाजूला वादळी पाऊस झाला आणि लोंढा आला. घळीचा हाच धोका आहे. वरच्या पाणलोटातलं सगळं पाणी दोन हातांच्या फटीतून यायचं असतं, त्यामुळे बाहेर गुडघाभर वाटणारं पाणी आत डोक्यावरून जातं, आणि बाजूला पळायला जागा नसते. अमेरिकेत ॲरिझोनातल्या अँटेलोप कॅनियनमध्ये ऑगस्ट १९९७ मध्ये ११ जण असेच वाहून गेले. पाऊस मैलोगणती दूर पडला होता.

मी स्वतः एका घळीत (कुठली ते महत्त्वाचं नाही) पाणी गढूळ होताना बघितलंय. आधी काड्या आणि पानं आली, मग रंग बदलला. आम्ही वर चढलो. मिनिटभरापूर्वी जिथे बसून बूट बांधत होतो तो दगड दिसेनासा झाला. त्या दिवसापासून पाण्याच्या पातळीपासून उंचावर बांधलेल्या जिन्याला नावं ठेवायची माझी हिंमत नाही.

उनाडपाऊल

सांजवारा, तुमचा अनुभव वाचून अंगावर काटा आला. पण साक्सेटेनबाखमध्ये गेलेले लोक एकटे भरकटलेले नव्हते. पैसे भरून, मार्गदर्शकांबरोबर आले होते. मार्गदर्शकही गेले त्यात. म्हणजे "सोय केली की सुरक्षित" हे समीकरण तिथेच मोडतं. सोय माणसाला गाफील करते, हा माझा मुद्दा आहे.

जिना तरी काय वाचवतो? जर्मनीतल्या पार्टनाखक्लाम या घळीचं बघा. ७०० मीटर लांब, ८० मीटरपर्यंत खोल, कातळात खोदलेली बंदिस्त वाट. १९९१ मध्ये दरड कोसळून त्या वाटेचा एक भागच गेला. दरडीखाली कोणी सापडलं नाही हे नशीब.

सांजवारा

नशीब होतं, मान्य. पण त्यानंतर काय झालं तेही सांगा ना. नवा बोगदा खणून वाट आत वळवली. जोराचा पाऊस किंवा बर्फ वितळताना ती घळ बंद ठेवतात. ट्र्युमेलबाखही हिवाळ्यात बंद असतो. स्वित्झर्लंडमध्ये कॅनियनिंगसारखे धंदे परवान्याखाली आणणारा कायदा २०१४ पासून लागू आहे. "आज बंद" असं म्हणायचा अधिकार असलेला माणूस दाराशी उभा असणं, ही मला लिफ्टपेक्षा मोठी सोय वाटते. रानातल्या घळीला दार नसतं.

चांदणवेल

आम्ही ट्र्युमेलबाखच्या दारावरूनच अर्धे परत आलो होतो. चार वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत, धाकटी तीन वर्षांची. तेव्हा फार राग आला, इतक्या लांबून आलो होतो. मग आळीपाळीने गेलो. आत पायऱ्या ओल्या, तुषारांनी चष्मा धूसर झालेला, आणि आवाज असा की शेजारच्याची हाक कानावर येत नाही. कडेवर मूल घेऊन मी त्या वळणांवर चालले असते या विचारानेच पोटात गोळा आला. नियम बरोबर आहे.

एका बाबतीत मात्र मी उनाडपाऊल यांच्या बाजूने आहे. दिव्यांमुळे सगळं एकदम दिसतं. एका वळणावर वरच्या फटीतून उन्हाची तिरीप आली होती, त्यात तुषार उडताना दिसत होते. दिवे नसते तर मी तिथे कितीतरी वेळ उभी राहिले असते.

कातळवेडी

चांदणवेल, ती तिरीप आम्हाला नाही मिळाली, ढग होते.

उनाडपाऊल, तुमची दुसऱ्या घळींची भीती मला खोटी वाटत नाही. आज कोणी नव्या घळीत लिफ्ट करू म्हणालं तर मीही विरोधाला उभी राहीन. पण शंभर वर्षांपूर्वी झालेली, जपून चालवलेली एक जागा असू द्या ना. "ज्याचे पाय नेतील त्याने जावं" हे वाक्य मी माझे पाय धड असताना म्हणत होते. ते आता माझ्या तोंडून निघणार नाही.

उनाडपाऊल

ते वाक्य मी अजून म्हणेन. पण तुमच्या आईंसमोर म्हणणार नाही, एवढं कबूल करतो.

खालून पायऱ्यांनी चढून जाता येतं का? पुढच्या वर्षी जाणं होईल असं दिसतंय.

कातळवेडी

येतं. परतताना मी लिफ्ट सोडून पायऱ्यांनीच उतरले. आई वरच्या प्रपातांपर्यंत आली नव्हती, तिला लिफ्टच्या वरच्या टोकाशी बसवून मी एकटीच दहाव्यापर्यंत जाऊन आले. परत आले तर ती कातळाच्या भिंतीला पाठ टेकून डोळे मिटून बसली होती. म्हणाली, "अजून थोडा वेळ थांबू."