ट्रॅक्टरच्या ब्रीदर नळीतून ऑइल येते. नळीची वाट बदलावी का?

प्रश्न (औसा तालुका, जि. लातूर)

राम राम मंडळी. माझा ट्रॅक्टर ४५ अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा, टर्बो नसलेला असून त्याचे ६,००० तास भरून गेले आहेत. टॅपेट कव्हरवरून (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणावरून) निघणारी ब्रीदरची, म्हणजे इंजिनाच्या आतला वायू बाहेर सोडणारी, रबरी नळी डाव्या अंगाने खाली येते आणि क्लच हाऊसिंगच्या थोडी वर संपते. तिच्या तोंडातून वाफेसोबत ऑइलचे तुषार येतात. पाळी घालताना किंवा रोटाव्हेटर चालवताना ते फारसे जाणवत नाही. मात्र सोयाबीनच्या राशीला ट्रॅक्टर पीटीओवर (मागच्या फिरत्या दांड्यावर मळणीयंत्र जोडून) एकाच जागी चार-पाच तास उभा राहतो, तेव्हा मळणीयंत्राचे भुसकट उडून त्या तेलकट भागावर बसते आणि संध्याकाळपर्यंत बोटभर जाडीचा काळा थर तयार होतो. यंदा तो थर उलथन्याने खरवडला, तेव्हा गोधडीच्या तुकड्यासारखा सलग निघून आला आणि सायलेन्सरकडची त्याची कड करपलेली होती. दहा पावलांवर बनीम (कापलेल्या सोयाबीनची गंजी) रचलेली असताना ती करपलेली कड पाहून मला त्या रात्री झोप लागली नाही.

जवळच्या एका कारागिराने यावर उपाय म्हणून मूळ नळीला पाण्याची अर्धा इंची नळी जोडली, ती डायनॅमोच्या वरून पुढे नेली आणि रेडिएटरच्या पुढे खाली सोडली. मागची गळती थांबली, पण आठ दिवसांत टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून ऑइल पाझरू लागले, डीप स्टिक (ऑइलची पातळी पाहायची पट्टी) आपोआप वर उचललेली दिसू लागली आणि रेडिएटरच्या जाळीवर तेलकट धूळ बसली. नळीची वाट बदलणेच चुकीचे होते, की ती बदलण्याची पद्धत चुकली?

उत्तर (ट्रॅक्टर दुरुस्ती, उदगीर)

दादा, वाट बदलण्यात चूक नाही, मात्र त्या नळीचे काम काय आहे ते धरून ती बदलावी लागते. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी ज्वलनाचा थोडा वायू पिस्टनच्या कडेने खाली ऑइल चेंबरमध्ये उतरतोच, आणि तो बाहेर पडायला ब्रीदर ही एकच मोकळी वाट असते. त्या वायूसोबत ऑइलचे बारीक कण येतात आणि ज्वलनातून तयार झालेली पाण्याची वाफही येते. तुमची नळी डायनॅमोवरून वर चढून मग खाली उतरते, म्हणजे चढाच्या अलीकडे जो खोलगट भाग पडला आहे त्यात ही वाफ थंड होऊन पाणी आणि ऑइल साचत असणार. त्यातच नळी अर्ध्या इंचाची, म्हणजे मूळ नळीपेक्षा बारीक. वायूला वाट उरली नाही की आतला दाब वाढतो आणि तो कमजोर जागा शोधतो. आज पॅकिंग पाझरते आहे, डीप स्टिक उचलली जाते आहे. उद्या क्रँकचे मागचे ऑइल सील गेले तर ऑइल क्लच प्लेटवर येईल आणि त्यासाठी ट्रॅक्टर मधून दोन भागांत सोडवावा लागेल. तेव्हा ती जोडणी आजच काढून टाका.

रेडिएटरचे कारणही त्यातच आहे. पंखा समोरची हवा आत ओढतो, म्हणून पुढे सोडलेले तुषार थेट जाळीत जातात, आणि आपल्या काळ्या मातीची धूळ तेलकट जाळीवर एकदा बसली की नुसत्या हवेच्या झोताने निघत नाही.

नवी नळी मूळ नळीच्या आतल्या व्यासाची घ्या, त्याहून बारीक नको. ती डिझेल-ऑइलला टिकणाऱ्या नायट्राईल रबराची असावी, कारण पाण्याची किंवा रेडिएटरची नळी ऑइलने फुगते, मऊ पडते आणि क्लॅम्पपाशी आतून चिमटते. टॅपेट कव्हरपासून शेवटच्या टोकापर्यंत नळीला सतत उतार हवा, मध्ये कुठेही झोळ पडता कामा नये. डाव्या अंगानेच ती ऑइल चेंबरच्या तळाच्या जरा खालपर्यंत सरळ आणा, सायलेन्सर आणि पंख्याच्या पट्ट्यापासून दूर ठेवा, आणि दोन ठिकाणी पकडताना क्लॅम्प इतकाच आवळा की नळी दबणार नाही. टोक तिरपे कापा. चिखलात टोक बुजण्याची भीती असल्यामुळे टोकाच्या चार बोटे वर एक उभी चीर द्या, म्हणजे खालचे तोंड बंद झाले तरी वायू चिरेतून निघून जाईल. बर्फाच्या देशांत टोकाशी पाणी गोठून नळी बंद होते, तिथेही याच कारणाने टोकाच्या वर जादा वाट ठेवतात. आपल्याकडे गोठण्याचे काम चिखल करतो.

उत्तर (गंगाखेड, जि. परभणी)

नवीन इंजिनांमध्ये ब्रीदरची नळी हवेच्या पाईपला जोडलेली असते आणि बाहेर काहीच गळत नाही. तसेच करून एअर क्लीनरच्या पुढच्या पाईपला भोक पाडून नळी जोडली तर कायमचा प्रश्न मिटेल, असे मला वाटते.

उत्तर (ट्रॅक्टर दुरुस्ती, उदगीर)

मामा, कृपा करून असे कोणी करू नये. त्या इंजिनांमध्ये वायूतील ऑइल वेगळे करून परत चेंबरमध्ये सोडणारा भाग बसवलेला असतो. तो नसताना नळी थेट जोडली आणि एखाद्या वेळी ऑइल जास्त प्रमाणात ओढले गेले, तर डिझेल इंजिन त्या ऑइलवरच पळू लागते. बंद करण्याची दोरी फक्त पंपाचे डिझेल तोडते. हवेतून येणाऱ्या ऑइलला ती थांबवू शकत नाही. मग इंजिन वेग वाढवतच जाते आणि हवेची वाट बंद केल्याशिवाय थांबत नाही. पीटीओवर मळणीयंत्र आणि त्याच्या तोंडाशी पेंढ्या लावणारी माणसे असताना हा धोका पत्करण्यासारखा नाही.

उत्तर (शेतकरी, सेलू)

वाट बदलण्याआधी ऑइल इतके का येते तेही पाहावे. माझ्या ट्रॅक्टरला हाच त्रास होता, आणि कारण इतकेच होते की सालगडी दर आठवड्याला डीप स्टिक न पाहता अर्धा लिटर ऑइल ओतत असे. सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पातळी पाहा. ती वरच्या खुणेच्या पुढे असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर पंपाकडून डिझेल चेंबरमध्ये उतरत आहे असे समजून लगेच दाखवून घ्या. टॅपेट कव्हरच्या ब्रीदरमध्ये तारेची जाळी असल्यास ती काढून डिझेलमध्ये धुवा. ऑइल अडवून परत खाली टाकण्याचे काम तीच करते. शेवटी, इंजिन गरम असताना मंद वेगावर ऑइल भरायचे झाकण जपून उघडा. हलकी वाफ येणे ठीक आहे, पण धुराचे लोट ठोक्याठोक्याने येत असतील तर रिंगा आणि लायनर झिजले आहेत, आणि मग कोणतीही नळी पुरणार नाही. एअर क्लीनर ऑइलचा असेल तर त्याची वाटी राशीच्या दिवसांत रोज उघडून पाहावी, कारण रिंगा खाणारी धूळ तिथूनच आत जाते.

काही जण टोकाला बाटली बांधतात. बांधायची असेल तर झाकणाला मोठे भोक ठेवा आणि नळीचे टोक साचलेल्या ऑइलमध्ये बुडू देऊ नका.

प्रश्नकर्ता (औसा)

सर्वांचा आभारी आहे. पाण्याची नळी काढून उलटी धरली, तेव्हा तिच्यातून कपभर ताकासारखे पांढुरके पाणी आणि ऑइल बाहेर आले. उदगीरच्या दादांनी सांगितले ते अगदी तसेच होते. ब्रीदरमधली तारेची जाळी काळ्या मेणाने भरलेली होती, ती दोनदा धुवावी लागली. नवी नळी मूळ मापाची घेऊन ऑइल चेंबरच्या खालपर्यंत सरळ उतरवली आणि चीरही दिली. टॅपेट कव्हरचे पॅकिंग नवे टाकले. झाकण उघडून पाहिले तर मंद वाफच येते, धुराचे लोट नाहीत.

काल शेजाऱ्यांच्या राशीला सहा तास ट्रॅक्टर चालला. पॅकिंग कोरडे आहे आणि डीप स्टिक जागेवर बसलेली आहे. क्लच हाऊसिंगवर भुसकट पडते, पण हाताने झटकले की निघून जाते. नळीखाली ठेवलेल्या डब्यात दिवसभरात चमचाभर ऑइल जमले. रेडिएटरची जाळी मात्र अजून तेलकट आहे; ती साबणाच्या पाण्याने मागच्या बाजूने धुण्याचे काम उद्या शेतातल्या आखाड्यावर करणार आहे.