निक्सने ड्राफ्टशिवाय टीम उभी केली, मग सन्सचीच वाट का लागली?

पहाटेचा_प्रेक्षक

मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय, २०२५ चा एनबीए ऑफसीझन आहे, मॅचेस नाहीत, म्हटलं विचारून टाकू. यंदा २०२५ ला न्यूयॉर्कचे निक्स ईस्टच्या (पूर्व गटाच्या) फायनलला गेले, २००० नंतर पहिल्यांदा. त्यांचे सुरुवातीचे पाच बघा. ब्रन्सन, हार्ट, ब्रिजेस, अनुनोबी, टाउन्स. यातला एकही निक्सने ड्राफ्ट केलेला, म्हणजे नवख्या पोरांच्या वार्षिक निवडीत घेतलेला नाही. एक फ्री एजन्सीत, म्हणजे काँट्रॅक्ट संपून मोकळा असताना आला, बाकी चार ट्रेडने, म्हणजे टीमांमधल्या अदलाबदलीने. आणि आपल्याला कायम काय ऐकवतात, की आधी चार वर्षं हरा, वरचे पिक (ड्राफ्टमधला लवकरचा निवडीचा नंबर) मिळवा, पोरं मोठी होऊ द्या मग बघू.

आता दुसरीकडे फिनिक्सचे सन्स घ्या, त्यांनीही तेच केलं ना? बुकर घरचा होताच, ड्युरँट ट्रेडने आणला, बील ट्रेडने आणला. २०२४ ला पहिल्याच राउंडला मिनेसोटाने ४-० धुतलं, पुढच्या सीझनला ३६-४६ आणि प्लेऑफचं नावच नाही, आता ड्युरँट ह्यूस्टनला आणि बील क्लिपर्सकडे. नुसती नावं बघितली तर सन्सकडे जास्त मोठी होती. मग फरक नेमका कशात पडला? नशीब म्हणून सोडून देऊ नका प्लीज. आणि ते एप्रन प्रकरण जरा सोप्या भाषेत सांगा कोणीतरी, माझी गाडी लक्झरी टॅक्सपर्यंतच (जास्त पगार दिल्याचा दंड) जाते.

कॅपशीट_वाचतो

नशीब नाही भाऊ. तू प्लेयर मोजतोयस, काँट्रॅक्ट मोज. प्रत्येक डीलनंतर पुढचं डील करायला हातात काय उरतं हा खरा प्रश्न आहे, आणि निक्सचा प्रेसिडेंट लिऑन रोझ याने तेवढं एक बरोबर ओळखलं.

ब्रन्सनपासून सुरू करू. २०१८ चा ३३ वा पिक, म्हणजे सेकंड राउंडचा पोरगा, डॅलसने त्याला वेळेत बांधला नाही. २०२२ च्या ड्राफ्टच्या सुमाराला निक्सने कॅपमध्ये (टीमच्या एकूण पगाराच्या मर्यादेत) जागा करायला सुरुवात केली, ११ वा पिक देऊन टाकला, केम्बा वॉकर डेट्रॉइटला, मग बर्क्स आणि नोएल पण डेट्रॉइटला, सोबत सेकंड राउंडचे पिक. लोक हसत होते की एका सहा फुटी गार्डसाठी एवढी झाडलोट? आला ४ वर्षं १०४ मिलियन डॉलरवर. (निक्सने वेळेआधीच बोलणी केली म्हणून लीगने २०२५ चा सेकंड राउंड पिक काढून घेतला, त्यापेक्षा स्वस्त दंड मी तरी बघितला नाही.) दोन वर्षांत तो ऑल-एनबीए (लीगच्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंत) झाला आणि पगार मात्र तोच. वर २०२४ ला त्याने १५६.५ मिलियनचं एक्स्टेंशन घेतलं, एक वर्ष थांबला असता तर ५ वर्षांचे २६९ मिळत होते. हे जे वाचले ना त्यावर बाकी टीम उभी आहे.

आता दुसरी गंमत बघ. २०२१ ला फोर्नियेला मोठा पगार दिला, तो तेव्हाचा कोच थिब्स याच्या रोटेशनमधूनच (नेहमी खेळणाऱ्यांतून) बाहेर गेला, सगळे म्हणाले पैसे बुडाले. पण फेब्रुवारी २०२४ ला तोच फोर्निये आणि ग्राइम्स देऊन डेट्रॉइटकडून बोगडानोविच आणि परत तोच बर्क्स आणला, आणि त्या उन्हाळ्यात बोगडानोविचचा पगार लावून ब्रुकलिनकडून ब्रिजेस. म्हणजे बेंचवर बसलेल्या माणसाचा पगार सरकत सरकत एक स्टार्टर घेऊन आला. पगार नसता तर नुसते पिक देऊन ब्रिजेस मिळालाच नसता, कारण कॅपच्या वर असलास की जेवढा पगार आणायचा तेवढा जवळपास द्यावाही लागतो.

सन्सचं उलट झालं. ड्युरँटसाठी ब्रिजेस, कॅम जॉन्सन, क्राउडर आणि चार अनप्रोटेक्टेड (कुठल्याही नंबरवर पडले तरी द्यायचेच) फर्स्ट राउंड पिक गेले, ठीक आहे, ड्युरँट आहे, देतात लोक. पण नंतर बील घेतला, ज्याचा पगार ५० मिलियनच्या घरात आणि काँट्रॅक्टमध्ये नो-ट्रेड क्लॉज. म्हणजे त्याला कुठे पाठवायचं हे टीम नाही, तोच ठरवणार. तिथून पुढे एकही डील मोकळेपणाने करता आलं नाही, बेंच सगळा मिनिमम पगाराच्या लोकांनी भरला. शेवटी यंदा बायआउट करून (तडजोडीने काँट्रॅक्ट मिटवून) त्याचे उरलेले पैसे पाच वर्षांवर पसरवले, तो खेळणार दुसरीकडे आणि सन्सच्या कॅपवर दरवर्षी १९ मिलियनच्या वर बसून राहणार. २०३० पर्यंत!

डोंबिवली_डंक

एप्रनचं मी सांगतो, मला हे समजावायची सवय झालीय, घरी भाऊ विचारतो.

२०२५ च्या आयपीएलला १२० कोटींची पर्स होती, ती संपली की संपली. एनबीएचा कॅप तसा कडक नाही. २०२४-२५ ला कॅप १४०.६ मिलियन होता, पण स्वतःचे प्लेयर बर्ड राइट्सवर (कॅपच्या वर जाऊनही आपला प्लेयर ठेवायचा हक्क) ठेवत ठेवत तू त्याच्या खूप वर जाऊ शकतोस. १७०.८ ला टॅक्स सुरू. १७८.१ ला पहिला एप्रन, १८८.९ ला दुसरा. आधी काय व्हायचं, मालक श्रीमंत असला की टॅक्स भरून मोकळा. लीग आणि प्लेयर यांच्या २०२३ च्या करारानंतर पैसे भरून सुटता येत नाही, हातच बांधतात. पहिल्या एप्रनच्या वर असलास तर ट्रेडमध्ये दिला त्यापेक्षा जास्त पगार आणता येत नाही. दुसऱ्याच्या वर गेलास तर दोन प्लेयरचे पगार एकत्र करून एक मोठा प्लेयर आणता येत नाही, मिड-लेव्हल (कॅपच्या वर असूनही नवा प्लेयर मधल्या पगारावर घ्यायची सूट) बंद, आणि सात वर्षांनंतरचा फर्स्ट राउंड पिक गोठतो, म्हणजे ट्रेड करता येत नाही.

सन्स दुसऱ्याच्या वर जाऊन बसले होते. आता बघ, बील सोडून तिथले मधले पगार कोणाचे होते, फारसे नाहीतच, आणि असलेले एकत्र करायची परवानगी नाही. मग करणार काय?

निक्स मुद्दाम खाली राहिले. टाउन्सच्या ट्रेडमध्ये रँडल आणि डिविन्चेंझो गेले, तरी पगार जुळेना, म्हणून तीन असे प्लेयर साइन करून शार्लटला पाठवले ज्यांची नावं शार्लटच्या फॅनलाही आठवत नसतील. फक्त आकडा जुळवायला. मला त्या तिघांचं वाईट वाटतं पण डील भारी होतं.

एडिसनचे_काका

पोरांनो, मी इकडे जर्सीत आहे, निक्स म्हणजे आमच्या घरचं दुखणं, त्यामुळे तुम्ही लिऑन रोझची आरती करताय ते बघून बरं वाटलं, पण हीच टीम हाच रस्ता धरून आधी किती वेळा आपटलीय तेही ऐका.

२०१० ला लेब्रॉनसाठी जागा केली, आला अमरे स्टाउडमायर, १०० मिलियनच्या आसपास, गुडघ्यांमुळे ज्याचा विमाही काढता येत नव्हता. फेब्रुवारी २०११ ला कार्मेलो. तो त्या उन्हाळ्यात फ्री एजंट होऊ शकत होता, पण थांबायचा धीर नाही, गॅलिनारी, चँडलर, फेल्टन, मॉझगॉव सगळे डेन्व्हरला देऊन टाकले, वर पिक, वर २०१६ चा पिक अदलाबदलीचा हक्क. त्या हक्कावर डेन्व्हरने सातव्या नंबरवर कोण घेतला माहितीये? जमाल मरी. २०२३ ची ट्रॉफी कोणाच्या हातात दिसली ते बघा.

एवढ्यावर थांबले नाहीत. २०१३ ला बार्न्यानीसाठी टोरंटोला पण एक पिक दिला, तो नववा पडला, त्यावर त्यांनी पॉल्टल घेतला, आणि ज्या ट्रेडने टोरंटोला कवाय लेनर्ड आणि २०१९ ची ट्रॉफी मिळाली त्यात तो पॉल्टल डेरोझनबरोबर गेला. म्हणजे आमच्या पिकांनी दोन टीमच्या चॅम्पियनशिपला हातभार लावला आणि आम्ही गार्डनमध्ये (निक्सच्या घरच्या मैदानात) एवढं महागडं तिकीट काढून बसलेले. २०१९ ला परत पोर्झिंगिसला घालवून दोन मॅक्सची (कमाल पगारवाल्यांची) जागा केली, ड्युरँट आणि कायरी नदीपलीकडे ब्रुकलिनला गेले.

तेव्हा फ्री एजन्सी वाईट की चांगली असं काही नसतं. जागा करून मोठ्या माणसाची वाट बघत बसलं की फजिती, हे मी दोन वेळा बघितलं. ब्रन्सनच्या वेळी कोण येणार हे आधी पक्कं होतं आणि जागा नंतर केली. (म्हणूनच दंड झाला म्हणा.)

हिरवी_जर्सी

काका, सहानुभूती आहे, पण मी बोस्टन सेल्टिक्सवाली, त्यामुळे थोडं मीठ चोळते. ब्रिजेससाठी पाच फर्स्ट राउंड पिक दिले, त्यातले चार अनप्रोटेक्टेड. तो कधी ऑलस्टार सुद्धा झालेला नाही! हार्टनस्टाइन हातातून गेला कारण त्याच्यावर पूर्ण बर्ड राइट्स नव्हते, निक्स ४ वर्षांचे ७२.५ च्या वर देऊच शकत नव्हते आणि ओकेसीने (ओक्लाहोमा सिटीने) ३ वर्षांचे ८७ ठेवले. पहिल्याच सीझनला तो चॅम्पियन. सेंटर गेला म्हणून टाउन्स आणावा लागला, टाउन्सचा डिफेन्स लपवता लपवता इंडियानाच्या पेसर्सने सहा मॅचमध्ये घरी पाठवलं.

आमच्याकडे ट्रेडने काय आलं बघ, व्हाइट, पोर्झिंगिस, हॉलिडे, आणि २०२४ ची ट्रॉफी. पण खाली टेटम आणि ब्राउन ड्राफ्टचे होते. पाया घरचा, वरचे मजले ट्रेडचे. तरी दुसऱ्या एप्रनने आम्हालाही सोडलं नाही, टेटमची अकिलीस (टाचेमागची नस) गेल्यावर हॉलिडे पोर्टलँडला, पोर्झिंगिस अटलांटाला, एका उन्हाळ्यात टीम मोकळी.

कॅपशीट_वाचतो

टेटम आणि ब्राउन घरचे कसे गं? दोन्ही पिक ब्रुकलिन नेट्सच्या ट्रेडमधून आलेले, २०१३ ला म्हातारे गार्नेट आणि पियर्स देऊन. ओकेसीचं पण तेच, शे (गिल्जस-अलेक्झांडर) आला पॉल जॉर्जच्या ट्रेडमध्ये, जेलेन विल्यम्स आला त्याच ट्रेडमधल्या क्लिपर्सच्या पिकवर. ज्या पेसर्सने हरवलं त्यांचा हॅलिबर्टन सबोनिस देऊन आणलेला, सिआकम तीन पिक देऊन. ड्राफ्ट विरुद्ध ट्रेड हे भांडणच मला पटत नाही. टॉपच्या दोघांपैकी एक जण त्याच्या लायकीपेक्षा स्वस्त असायला हवा, मग तो रूकी काँट्रॅक्टवर (नवख्याच्या पहिल्या स्वस्त काँट्रॅक्टवर) असो की ब्रन्सनसारखा स्वतःहून कमी घेणारा. सन्सकडे तिघंही पूर्ण पगारावर होते.

ब्रिजेस महाग पडला हे मान्य. पण तो एकही मॅच चुकवत नाही, आणि थिब्सच्या हाताखाली ही गोष्ट छोटी नव्हती.

पहाटेचा_प्रेक्षक

बापरे, जमाल मरीचं मला माहीतच नव्हतं. काका, तुमच्यासाठी वाईट वाटलं खरंच.

मग आता निक्सकडे पुढे काय उरलंय? थिब्सला काढला, माइक ब्राउन आला, पण पिक तर संपले.

कॅपशीट_वाचतो

फार नाही. यबुसेले टॅक्सपेयर मिड-लेव्हलवर आला, क्लार्कसन युटाहकडून सुटून मिनिममवर, म्हणजे बेंच गेल्या वर्षीपेक्षा बरा आहे. ब्रिजेसने ४ वर्षं १५० घेतले, कमालपेक्षा थोडे कमी. दुसऱ्या एप्रनपासून अंतर इतकं कमी आहे की एखादा मिनिममवाला घेतानाही आकडेमोड करावी लागेल. हलवता येईल असं मोठं काँट्रॅक्ट टाउन्सचं, पण ५३ मिलियन देऊन परत येणार काय? मिचेल रॉबिन्सनचं १३ मिलियनचं शेवटचं वर्ष आहे, माझं लक्ष तिथे. फेब्रुवारीपर्यंत तो फिट राहिला तर ठेवतील, नाही तर तोच पगार पुढे सरकवतील.

एडिसनचे_काका

रॉबिन्सनला हात लावायचा नाही. ऑफेन्सिव रिबाउंड काय तुम्ही घेणार का?

हिरवी_जर्सी

काका त्याचे फ्री थ्रो पण तुम्हीच मारा मग 😄